त्या कागदात दुसरं काही नव्हतं

रशीद, तुझ्या मातीला मी उशिराच पोचलो. पेठला भाचीचं लग्न होतं. वरात मांडवात शिरत होती आणि माझा मोबाइल वाजला. तुझी नसीम होती. "सर, अब्बा गेले," म्हणाली. बँडच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही. मी एका कानात बोट घालून ओरडलो, "कोण गेलं?" आणि त्या पोरीला ते वाक्य माझ्यामुळे दुसऱ्यांदा उच्चारावं लागलं.

पेठहून मंचर, मंचरहून नारायणगाव, तिथून जुन्नरची जीप. कबरस्तानात शिरलो तेव्हा खड्डा बराचसा भरला होता. तुझ्या धाकट्या भावाने बाजूला सरकून मला जागा दिली. मी तीन मुठी माती टाकली. कपाळावर लग्नातला कुंकवाचा टिळा तसाच होता, हे मला घरी आल्यावर आरशात दिसलं. तिथे कुणी काही म्हणालं नाही.

लोकांनी सांगितलं की सकाळी एका शेतकऱ्याचा बैल तू पाडला होतास, पाय बांधून झाले होते, तीन खुरांना पत्र्या मारून झाल्या होत्या. चौथ्या पायाशी बसलास आणि छातीवर हात ठेवून आडवा झालास. हातोडी हातातच राहिली. त्या शेतकऱ्याने बैलाचे दोर सोडले, आणि तीन पायांना पत्री लागलेला तो बैल तसाच गावी गेला. ते ऐकताना माझ्या मनात आलं, रशीद काम अर्धवट टाकून उठला असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं असेल.

अर्धवट टाकून उठायची सवय मला होती. म्हणून हे लिहितोय. तुझ्यासमोर बसून बोलायचं ते पाच-सहा वर्षं बोललो नाही, आणि आता तू ऐकायला नाहीस.

तू सातवीत शाळा सोडून वडिलांची हातोडी धरलीस. मी आमचं कापडाचं दुकान भावावर सोपवून इतिहासाचा मास्तर झालो. आमच्या मारवाडी घरात नोकरी म्हणजे काहीतरी बिघडलं, अशीच समजूत. बापूजी वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत. त्या वर्षी संध्याकाळी मला बसायला हक्काची जागा एकच होती, तुझ्या दुकानाबाहेरचा तो मोठा दगड. तू काम करायचास, मी वह्या तपासायचो. समोर शिवनेरी. भट्टीचा धूर माझ्या वह्यांत भरून राहायचा आणि पोरं म्हणायची, सरांच्या वह्यांना खुराचा वास येतो.

सुट्टीत पुण्याला जाऊन मी मोडी लिपी शिकून आलो, पण वाचायला कागद कुठून आणणार? ते तू आणलेस. बेल्ह्याच्या बैलबाजारात, ओतूरला, आंबेगावातल्या वाड्या-वस्त्यांवर, जिथे बैलांना पत्र्या मारायला जायचास तिथे काम झालं की विचारायचास, "पावणं, माळ्यावर जुनंपुरानं कागद-बिगद हाय का? आमचा मास्तर वाचतो." लोक द्यायचे. कुणी फाटकी वही, कुणी जमिनीचा जुना दाखला. खिळ्यांच्या पिशवीत घालून तू ते आणायचास आणि मी वाचून दिले की परत पोचवायचास. एकही कागद तुझ्या हातून हरवला नाही. पुढे लोक मला इतिहासाचा अभ्यासक म्हणायला लागले, सभांना बोलवायला लागले. तो सगळा अभ्यास तुझ्या पिशवीतून आला होता. हे मी एकाही सभेत सांगितलं नाही.

आणि मग एक दिवस तू तुमच्या घरचाच कागद आणलास. अम्माच्या ट्रंकेत, पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळलेला. तुमच्या घरात एक गोष्ट चालत आलेली होती. लंगडे दादा. घोड्याच्या लाथेने पाय अधू झालेला कुणी पूर्वज, वरच्या घाटातल्या किल्ल्यावर घोड्यांना नाल ठोकणारा. गोष्ट म्हणून सगळ्यांना ठाऊक, खरी की खोटी कुणालाच माहीत नाही.

मी तुझ्या घरी ओट्यावर बसून तो वाचला. अम्मा, भाभी, तुझे भाऊ सगळे भोवती. नसीम तुझ्या मांडीवर झोपलेली. बारा-तेरा ओळींचा कागद. किल्ल्याला वेढा पडला, दाणा-वैरण सरली, लोक रातोरात गड उतरून जाऊ लागले. पण इस्माईल नालबंद, पायाने अधू, याने "गड सोडिला नाही". शेवटपर्यंत घोडी राखली. सबब त्याला जमिनीचा तुकडा इनाम.

तू म्हणालास, "परत वाच."

मी परत वाचला.

"ते गड सोडिला न्हाई, तेवढंच वाच."

तेवढंच वाचलं. तू नसीमला भाभीकडे दिलंस आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आलास. नंतर मला म्हणालास, "मास्तर, आजवर आमी नुसतंच नालबंद व्हतो." पुढच्या आठवड्यात त्या कागदाची झेरॉक्स तसबिरीत घालून दुकानात लागली. बैल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तू ती दाखवायचास. वाचता तुलाही येत नव्हती, त्यालाही नाही. पण ती ओळ कुठली, हे तू बोट ठेवून बरोबर सांगायचास.

त्यानंतर दोनेक वर्षांत त्या सिनेमाची बातमी आली. सिनेमाचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याच किल्ल्याच्या वेढ्यावर हिंदीत मोठा सिनेमा येणार, शेकडो घोडी, हत्ती, परदेशातून तंत्रज्ञ, असं पेपरात छापून आलं. तू ते कात्रण घेऊन शाळेच्या फाटकात उभा राहिलास. नसीम तेव्हा बालवाडीत होती. सिनेमा आला तेव्हा ती नववीत होती. मधली सगळी वर्षं तू वाट बघितलीस. दर दिवाळीला "पुढच्या दिवाळीला नक्की" असं ऐकू यायचं. मध्ये बंद पडला म्हणाले. नट बदलला म्हणाले. पैसे लावणारा पळाला म्हणाले. तुझ्या दुकानाबाहेरच्या आपल्या कट्ट्यावरचे बाकीचे लोक विसरून गेले. तू विसरला नाहीस. "मास्तर, पिच्चरचं काय झालं?" हे तू इतक्यांदा विचारलंस की मी चिडायला लागलो होतो.

त्या वर्षांतले आपले वाद आठवतात. मी म्हणायचो, सिनेमात इतिहास चुकतोच, शहाण्याने तिकडे बघू नये. जे लिहिलेलं आहे ते टिकतं. तू खिळा आगीत धरून म्हणायचास, "न्हाई राव. लिहिलेलं तू वाचतो आन् तुझ्यासारखे चार. पडद्यावर बघितलेलं आख्खा तालुका बघतो. बघितलेलंच ध्यानात ऱ्हातं." मी तुला अडाणी म्हणालो होतो एकदा. हसत म्हणालो, पण म्हणालो. त्या वादात तू बरोबर होतास, रशीद.

एक दिवस दिग्दर्शक खरोखर जुन्नरला आला. जागा बघत हिंडत होता. कुणीतरी माझं नाव सांगितलं. मी त्याला किल्ला दाखवला, वाटा दाखवल्या, आणि आपला माणूस म्हणून तुझ्या दुकानात आणलं. तू तसबीर काढून त्याच्या हातात दिलीस. लंगडे दादांची गोष्ट मी सांगितली, सगळी, रंगवून सांगितली. अधू पाय, दरवाजाजवळची खोपी, म्हातारपण. तो भारावून गेला. म्हणाला, "मास्तरजी, ये तो कमाल का कैरेक्टर है." तू त्याला चहा पाजलास आणि कप विसळून पुन्हा पाजलास. आठवड्याभरात मला पत्र आलं: इतिहास सल्लागार म्हणून काम कराल का?

शूटिंग आणे पठारावर झालं, थंडीत. सपाट माळ, पिवळं गवत, घोडी पळवायला जागा. किल्ल्याचा दरवाजा तिथेच उभा केला होता, लाकूड आणि प्लास्टरचा. तू त्याच्यावर बोटाने टकटक करून म्हणालास, "लई झ्याक हाय. पर आतून पोकळ." घोड्यांच्या नाला बघायला मीच तुला बोलावलं होतं. मुंबईहून आणलेली उंचच उंच घोडी बघून तू कपाळाला हात लावलास. "मास्तर, ही घोडी न्हाईत, उंटं हायेत. आपल्याकडची बुटकी, कडक पायाची. ही खडकावर दोन दिवस टिकायची न्हाईत." खरोखर तिसऱ्या दिवशी पाच घोडी लंगडायला लागली. तू आठ दिवस तिथेच राहिलास, प्रत्येकाचे खूर तासून नवी नाल ठोकलीस. नटाच्या घोड्यालाही. दिग्दर्शक तुझ्या पाठीवर थाप मारून गेला आणि घरी आल्यावर तू भाभीला तीच थाप सगळ्यांसमोर मारून दाखवलीस. भाभी लाजून आत पळाली होती.

त्या दिवसांत मी पण हवेत होतो. सैनिकांच्या मुदपाकखान्यात त्या काळी इकडे नसलेले बटाटे ठेवले होते, ते मी काढायला लावले. मिरच्यांच्या माळा काढायला लावल्या. मागे निलगिरीची झाडं दिसत होती, कॅमेरा फिरवायला लावला. रोज संध्याकाळी कट्ट्यावर येऊन मी ते सांगायचो आणि तू सगळ्यांना म्हणायचास, "आमचा मास्तर हाय म्हणून. न्हाईतर यांनी किल्ल्यावर ट्रॅक्टर फिरवला असता."

आता पुढचं. हे तुला कधी सांगितलं नाही.

शूटिंग संपत आलं होतं. मला पुण्यात एका हॉटेलात बोलावलं. दिग्दर्शक होता, त्याचा लेखक होता. लेखक म्हणाला, सगळं छान आहे, पण शेवट बसत नाही. खरा शेवट असा होता की दाणा संपला आणि तह होऊन किल्ला गेला. त्यात काही दिसत नाही, म्हणाला. लोकांना राग यायला पाहिजे. "कोई तो दरवाज़ा खोलेगा ना, मास्तरजी." आणि दरवाजाजवळ राहणारा माणूस कथेत एकच होता. तुझा. मीच तिथे आणून बसवलेला.

मी नाही म्हणालो. म्हणालो, कागदात उलट लिहिलं आहे. दिग्दर्शक शांतपणे म्हणाला, नाव बदलतो, मग तो तुमचा नालबंद राहत नाही. मी तरी नाही म्हणालो. मग त्याने विचारलं, "वेढ्यात कुणी कधी फितूर झालंच नाही, असं तुम्ही सांगू शकता का?" ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. त्यांना एक पत्र हवं होतं. कुणी आक्षेप घेतला तर दाखवायला. माझ्या समोर टेबलावर एक कागद होता, त्यावर सुरुवातीची नामावली छापलेली होती आणि माझं नाव एकटं, वेगळ्या ओळीत होतं.

मी लिहून दिलं. "तत्कालीन परिस्थितीत असे घडणे अशक्य नाही."

खोटं नाही एक अक्षर. म्हणूनच मला लिहिता आलं. बटाटे काढले आणि दरवाजा उघडू दिला.

सिनेमा लागायच्या आधी तीन आठवडे मी रोज तुझ्या दुकानी येत होतो. रोज ठरवून येत होतो, आज सांगायचं. तू नव्या कुर्त्याचं माप देऊन आला होतास. मंचरची बहीण, घोडेगावचे व्याही, सगळ्यांना निरोप गेले होते. पेपरातली पानभर जाहिरात कापून तू खिशात ठेवली होतीस; तिच्यात छापलं होतं की सिनेमातला प्रत्येक प्रसंग इतिहासाच्या अभ्यासकाकडून तपासून घेतला आहे. तू ते मला दाखवून म्हणालास, "हे तू." मी म्हणालो, "हो." आणि ते कात्रण तुला परत दिलं.

पहिला दिवस, दुपारचा खेळ. चौदा तिकिटं. अम्माला तू कडेवर घेतल्यासारखं धरून आत आणलंस, मधल्या खुर्चीवर बसवलंस. तिच्या एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला भाभी, आणि तुझ्या पलीकडे मी. माझं नाव पडद्यावर आलं तेव्हा तू दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारलीस. पन्नाशीचा माणूस. सगळं थिएटर हसलं, टाळ्या पडल्या. नसीम मागे वळून माझ्याकडे बघून हसली.

मध्यंतरापर्यंत तू मला कोपराने ढोसत होतास. "ते बघ, त्या पांढऱ्या घोड्याची नाल माझी." मध्यंतरानंतर तो म्हातारा नालबंद आला. डोळ्यांत सुरमा, दाढी, हातात हातोडी, पाय ओढत चाललेला. पाय ओढणं हुबेहूब जमलं होतं. मीच नटाला समजावलं होतं. तू पुढे सरकून बसलास. मग तो अंधारात शत्रूच्या हेराला भेटला, थैली घेतली, आणि त्याच हातोडीने अडसर काढून दरवाजा उघडला. थिएटर खवळलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी ओरडलं, "हाण त्याला!" पुढच्या रांगेतून एक चप्पल पडद्यावर गेली.

अम्माने तुझी बाही ओढली. ऐकू कमी यायचं म्हणून ती मोठ्याने बोलायची. "रशीद, ये अपनेवाला है क्या रे? लंगडा है."

तू म्हणालास, "नहीं अम्मा. वो दूसरा है."

त्यानंतर सिनेमा संपेपर्यंत तू हलला नाहीस. मी तुझ्याकडे बघितलं नाही. बाहेर आल्यावर तू सगळ्यांना उसाचा रस पाजलास, ठरल्याप्रमाणे. मला ग्लास देताना म्हणालास, "मास्तर, नाव लई मोठं आलं रे पडद्यावर." आवाजात टोमणा नव्हता. मी खूप शोधला नंतर, त्या वाक्यात. नव्हता.

तू भांडायला हवं होतंस. मी रात्रंदिवस तयारी करून ठेवली होती, काय उत्तर द्यायचं त्याची. नाव बदललं आहे, सिनेमा आहे, मी एकटा काय करणार. तू विचारलंच नाहीस. बाजारात लोक गंमत करायचे, "नालबंद, दार नीट लावून घे रे बाबा," आणि तू हसायचास. बेल्ह्याच्या बाजारात एकाने बैल सोडवून दुसरीकडे नेला, हेही मला दुसऱ्याकडून कळलं.

आणि नसीम. सिनेमानंतरच्या सोमवारी माझ्याच वर्गात ती उभी राहिली. "सर, नालबंदाने दरवाजा उघडला, ते खरं आहे का?" पन्नास माना तिच्याकडे वळल्या, मग माझ्याकडे. तिला फक्त एक "नाही" हवं होतं. मी म्हणालो, "सिनेमा करमणुकीसाठी असतो. प्रश्नोत्तरांच्या वह्या काढा." ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग बसली. त्यानंतर वर्षभर तिने वर्गात हात वर केला नाही.

काही दिवसांनी दुकानातली तसबीर दिसेनाशी झाली. मी समजलो, भिंतीला चुना द्यायला काढली असेल. विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वीची एक दुपार आठवते. मढला कुणाच्या तरी घोडीला नाल मारायची होती आणि मी निवृत्त, रिकामा, म्हणून तुझ्या एम-ऐंशीवर मागे बसून आलो. येताना धरणाच्या कडेला तू गाडी थांबवलीस. बिडी पेटवलीस. पाण्याकडे बघत विचारलंस, "मास्तर, आमच्या त्या कागदात अजून काय व्हतं का? तू वाचून दाखवलं न्हाई, आसं?"

मला वाटलं तू इनामाच्या जमिनीबद्दल विचारतो आहेस. मी म्हणालो, "नाही रे. होतं ते वाचलं." आणि तू तसाच बघत राहिलास म्हणून वर म्हणालो, "तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

"बरं," म्हणालास. बिडी अर्धीच टाकलीस आणि गाडीला किक मारलीस.

तुझ्या तिसऱ्या दिवशी, कबरीवरची जियारत झाल्यावर, मी तुझ्या घरी गेलो. ओट्यावर बसलो. भाभी आत पडद्याआड. नसीमने पाणी आणून दिलं. आता कॉलेजात आहे, तुझ्यासारखीच भुवई उचलून बोलते. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "दुकानात तसबीर होती, ती आहे का गं?"

"आहे. अब्बांनी काढून ट्रंकेत ठेवली होती."

"का काढली?"

तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "मीही विचारलं होतं, सर. म्हणाले, मास्तर खोटं लिहून देणारा माणूस न्हाई. त्यानं तपासलंय म्हंजी खरं असंल. त्या कागदात म्होरं कायतरी वाईट लिहिलं असंल, आन् आपलं मन मोडू नये म्हणून त्यानं वाचलं नसंल." तिने माझ्यापुढचा रिकामा पेला उचलला. मग म्हणाली, "म्हणाले, लई केलं त्यानं आपल्यासाठी."

रशीद, मला तेव्हा धरणाच्या कडेवरचा तुझा प्रश्न कळला. मी काय उत्तर दिलं होतं ते कळलं. अरे, तू माझ्यावर रागावला नव्हतास. तुला मी आणि लंगडे दादा यांतला एक खोटा धरायचा होता, आणि तू मला खरा धरलंस. शेवटपर्यंत. ज्या माणसाने गड सोडला नाही त्याला तू ट्रंकेत बंद केलंस, माझ्यामुळे, आणि वर माझे उपकार मानलेस.

मी तिथेच सगळं सांगितलं. पुण्याचं हॉटेल, ते पत्र, त्यातलं ते "अशक्य नाही".  मी थांबलो. मग पडद्याआडून भाभी म्हणाली, "आता कोनाला सांगता, मास्तर? ते तर गेले."

नसीम आत गेली आणि ते पत्र्याचं नळकांडं घेऊन आली. मी हात पुढे केला. म्हणालो, "मी वाचतो. सगळा वाचतो, पहिल्या अक्षरापासून."

तिने कागदावर हात ठेवला. "तुम्ही नका वाचू, सर. मला मोडी शिकवा. मी वाचीन."

तीन रविवार झाले, ती येते. बाजाराची गर्दी ओलांडून, दुपट्टा घट्ट लपेटून. माझ्या ओसरीवर बसते. माझ्याकडचा चहा घेत नाही. वही काढते आणि कॉलेजच्या ग्रंथालयातून आणलेलं मोडीचं पुस्तक शेजारी उघडून ठेवते. मी एक अक्षर काढून दाखवतो. ती ते लगेच गिरवत नाही. आधी पुस्तकात शोधते. पान उलटते, बोट फिरवते, माझ्या अक्षराशी ताडून बघते. जुळलं की मगच गिरवते. प्रत्येक अक्षराला असं. परवा एका अक्षराला मीच चुकीचं वळण दिलं होतं. तिने काही न बोलता पुस्तक माझ्याकडे फिरवलं आणि मी ते खोडून पुन्हा काढलं.

बरोबर करते पोर. माझ्यावर असा संशय तू एकदा तरी घ्यायला हवा होतास, रशीद. मी तिच्यासमोर बसून राहतो, आणि तिची खात्री होईपर्यंत पुढचं अक्षर काढत नाही.